अर्लच्या पाठीवरचं नाव

ओहायोतल्या त्या बेसबॉलच्या मैदानाबाहेर जर्सीवर आवडत्या खेळाडूचं नाव शिवून मिळायचं. रांगेत डोरीनच्या पुढे दोन म्हातारे उभे होते.

"अर्ल, पुन्हा जर्सी?"

"हो. या खेपेला रूनीचं नाव."

"नको रे बाबा! तू पलुंबोचं नाव घातलंस, महिन्याभरात मालकानं त्याला दुसऱ्या संघाला विकलं."

"योगायोग, स्टॅन."

"मग ओहॅराचं घातलंस. तोही गेला, आणि बदल्यात आपल्या गळ्यात पडला तो लंगडा पिचर!"

"लंगडा कसला? चेंडू फेकताना गुडघा दुखायचा बिचाऱ्याचा."

"आणि परवा ओहॅरानं आपल्याविरुद्धच होमरन ठोकला, चेंडू थेट मैदानाबाहेर!"

"मी टाळ्या वाजवल्या."

"लाज नाही वाटली?"

"अंगात त्याचीच जर्सी होती. काय करणार?"

"अख्खा संघ तुझ्या कपाटात लटकतोय. रूनीला तरी सोड!"

"वा रे वा! खेळाडू विकतो मालक आणि शिव्या खायच्या मी?"

"तुझा पायगुणच तसा आहे!"

अर्लचं तोंड एवढंसं झालं. तो रांगेतून बाजूला झाला, त्याच्यामागे स्टॅनही.

डोरीनचा नंबर लागला.

"कोणाचं नाव घालू, बाई?" शिवणाऱ्यानं विचारलं.

"संघाच्या मालकाचं," डोरीन म्हणाली. "आणि माप या अर्लकाकांचं घ्या."