दम ऐकू आला पाहिजे

मी मिलच्या भोंग्यावर वाढलेली पोट्टी. आमच्या घरात घड्याळ नोतं, भोंगा वाजला का माय उठे, रातचा भोंगा वाजला का बाबा निघे, भोंगा वाजला का आम्ही शाळेत. नागपुरात मिलमजुरांची वस्ती आमची, बाबा मिलमध्ये मागावर, माय घरी विड्या वळे. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी मी मायच्या कडेवर होती म्हणते, अन् त्या गर्दीत एवढी रडली, एवढी रडली का बाजूची बाई मायले म्हणे, हिचा आवाज मोठा होईन वं. मोठा कसचा होते, काय सांगू तुम्हाले ताई, तो आवाज दाबाचंच काम झालं पुढं.

वस्तीत क्रीडा मंडळ होतं, अन् त्याचे अध्यक्ष दौलतजी. माणूस खराब नोता, हे आधीच सांगून ठेवते, नाही तं तुम्ही लिहून टाकसान का त्यानं पोरींवर अन्याय केला. आजूबाजूच्या एकाही वस्तीत पोरींची कबड्डी नोती तवा त्यायनं आमची टीम काढली. घरोघरी जाऊन बापांले समजावलं. चुन्याच्या रेघा स्वतः मारे, हातपाय पांढरेफक होऊन जात. पण मैदान एकच. संध्याकाळी पाचले पोट्टे खेळत, मग आम्हाले कोणती वेळ भेटली, तं दुपारी तीन. उन्हाळ्यात पायाले असे चटके बसत का उभं राहवत नोतं, म्हणून आम्ही पळतच राहो, तेवढा एक फायदा झाला.

चटक्यायचं काही नाही. खरी गोष्ट पुढंच आहे. मैदानाले लागून रातपाळीवाल्यायच्या खोल्या, आमचीही त्यातलीच एक. ते लोक दिवसा झोपत. दौलतजीनं सांगतलं, पोरींनो खेळा, पण आवाज नको, रातपाळीवाले झोपून राहिले. त्यात माहा बाबाही होता, बारा महिने रातपाळी त्याची. मले वाटे, बाप रातभर उभा राहून येते, त्याची झोप काहून मोडाची? म्हणून सगळ्यात हळू मीच खेळो. चढाईले गेली का कबड्डी कबड्डी नुसतं ओठात. समोरच्या पोरी माहे ओठ पाहत, ओठ हलून राहिले म्हणजे दम चालू आहे. असं आम्ही दोन वर्षं खेळलो ताई, मुक्यायची कबड्डी. अन् आम्हाले वाटे, हेच बरोबर आहे.

मग एकदा सीताबर्डीच्या पल्याड स्पर्धा होत्या, पहिल्यांदाच वस्तीच्या बाहेर गेलो. पहिली चढाई माही. दोघींले हात लावून मी रेघेवर परत आली, वाटलं दोन गुण भेटले, अन् पंचानं शिटी मारली, चढाईवाली बाद. काहून म्हटलं, तं म्हणे दम ऐकू नाही आला. माह्या मागून आमची पंचफुला गेली, तेही बाद. पंचफुला म्हणजे आडदांड पोरगी, दोघीतिघींले ओढत आणे, पण तिचाही दम ओठातच. एकामागून एक साऱ्या बाद. आम्ही जोरात बोलाचं ठरवलं तं आवाजच फुटे ना, सवयच नोती, मधातच श्वास तुटे. लोक हसून राहिले होते. एक जण म्हणे, हे पोट्टी चढाईले आली का कानात गुपित सांगाले?

परत आलो तं मंडळानं ठरवलं का पोरींची टीम बंद. पोरींच्या आंगात दमच नाही म्हणे. येत्या रविवारी सकाळी मीटिंग, तिथं पक्कं करून टाकू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणते ना, तो हाच. पंचफुला रडली. मी नाही रडली, मले रागच एवढा आला होता. मंडळाच्या मीटिंगमध्ये खेळणाऱ्यायनं बसाचं नाही, अशी रीत. पोट्टेही बाहेरच उभे राहत, पोरींची तं गोष्टच सोडा. रविवारी मी चपला काढल्या अन् सरळ आत गेली. दौलतजी म्हणे, काय वं कमल, चहा आणला का? मी म्हटलं, नाही जी, दम आणला.

अन् मी सुरू केलं. कबड्डी कबड्डी कबड्डी, तिथंच सतरंजीवर उभी राहून, छाती फुटेपर्यंत. एक म्हातारा दोन्ही कान झाकून बसला. माहा आवाज एवढा आहे हे मलेच माहीत नोतं. श्वास संपला तवा म्हटलं, आता सांगा, दम नाही का आमच्यात? हळू खेळा असं तुम्हीच सांगतलं, अन् ऐकू नाही आलं म्हणून टीमही तुम्हीच बंद करून राहिले. आम्हाले एकदा तरी विचारलं का?

दौलतजीचं तोंड लाल झालं. ते म्हणे, अन् रातपाळीवाल्यायच्या झोपेचं काय? तुहाच बाप झोपते ना तिथं?

तवा दारातून आवाज आला. बाबा होता, मिलमधून सरळ तिकडंच आला होता, हातात डबा. मागावरचे लोक नेहमी ओरडूनच बोलते, तिथं दुसरं काही ऐकू येत नाही ना.

बाबा म्हणे, दौलतजी, मी रातभर एवढ्या मागायच्या खडखडाटात उभा राहतो. घरी आल्यावरही तो कानातून जात नाही. माह्या पोरीच्या कबड्डीनं माही झोप मोडते, असं कोणं सांगतलं तुम्हाले? मले कोणी विचारलं होतं?

मग दौलतजीनं बाकीच्या रातपाळीवाल्यायले विचारलं, तं एकालेही कोणी कधी विचारलं नोतं. दौलतजी खाली मान घालून म्हणे, चुकलं गा माहं.

आठवड्यातले तीन दिवस पाचची वेळ पोरींले भेटली. मी म्हटलं, आता मीटिंगमध्ये खेळणारे दोघं बसतीन, एक पोट्टा अन् एक पोट्टी, अन् ते आधी बोलतीन. दौलतजी म्हणे, बोट दिलं तं हात धरतेस का वं? मी म्हटलं, पकड तुम्हीच तं शिकवली जी. तवा ते हसले.

पुढच्या स्पर्धेतही आम्ही हरलो, खोटं काहून सांगू. पण दोन गुणांनी हरलो, अन् दमापायी एकही बाद नाही झाली.

आता पोरींले मीच शिकवते. मीटिंगमध्ये सगळ्यात लहान पोरगी आधी बोलते, मग आम्ही मोठे. बाबा रिटायर झाला, कान पुरे गेले त्याचे. रोज पाचले मैदानात खुर्ची टाकून बसते, अन् त्यानं हात वर केल्याशिवाय दम ऐकू आला असं धरत नाही, असा आमचा नियम. पोरी घसा फोडते. परवा मी त्याले खुणेनं विचारलं, बाबा, खरंच ऐकू येते का गा तुले? तो म्हणे, कुठचं येते बाई, पोट्टीच्या गळ्याची शीर फुगली का मी हात वर करतो.

तशी शीर सगळ्यायच्या पोरींची फुगो, ताई. दुसरं काय मांगू मी?