क्लच कोणी दाबायचा?

हॅलो?… हॅलो, ताई?… हां, बोल बोल. ऐकू येतंय… तो हॉर्न ना? मीच वाजवला. म्हणजे वाजवला नाही, कोपर लागलं. आपल्या गाडीत बसलोय… आपल्या म्हणजे आपल्याच, जुन्या. शोरूमच्या मागच्या आवारात.

नाही घेतली अजून… अगं, 'घेतली का, घेतली का' काय? कोथिंबिरीची जुडी आहे का ती?

हो, बघितली. चालवून पण बघितली… कशी म्हणजे… चांगली आहे… अगं चांगलीच आहे, पण… नाही, पण काही नाही… आहे, पण काय आहे ते मला सांगता येत नाहीये. थांब ना जरा. तू एकावर एक प्रश्न टाकतेस.

बाबा? बाबा इथे नाहीयेत. बाबा चालवायला गेलेत… अगं, नवीच! ऑटोमॅटिक. सेल्समन आहे शेजारी… आता गुडघ्याचं काय मध्येच? डाव्या पायाला काही कामच नाही म्हणून तर तू ही गाडी शोधून काढलीस ना? डॉक्टर क्लचला नाही म्हणाले होते, गाडीला नाही… मग! आणि आता तूच घाबरतेस?

हो, बराच वेळ झालाय. मलाही तेच वाटतंय… चौकापर्यंत जाऊन येतो म्हणाले होते… फोन कसा करू? त्यांचा फोन माझ्याच खिशात आहे. गाडी चालवताना फोन जवळ नको, हा त्यांचाच नियम ना. आयुष्यभर सगळ्यांना तेच शिकवलं, आता भोगतोय मी.

माझं? माझं विचारूच नकोस… अगं अब्रूच गेली. बरं, सांगतो. डी टाकला, निघालो. मस्त. आवाज नाही, झटका नाही, पाळण्यात बसल्यासारखं. पुढे सिग्नल आला. मी आपला सवयीनं डावा पाय… हो ना! क्लच समजून ब्रेकवर! आणि त्या गाडीचा ब्रेक एवढा रुंद, चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. पूर्ण ताकदीनं दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. सेल्समनची फाईल समोरच्या काचेवर, सेल्समन फाईलच्या मागोमाग. आणि मागच्या सीटवर बाबा. शांतपणे म्हणतात, 'चिरंजीव, डावा पाय घरी ठेवून यायचा होतास.'… हस. हस तू.

नाही गं, जमली नाही म्हणून नाही. दुसऱ्या चकरेला जमली. जमली म्हणून तर गोंधळ झालाय… म्हणजे, आवडली मला. तेच सांगतोय. गर्दीत काही करायलाच नको. पाय उचलला की सरकते, ठेवला की थांबते. चढावर मागे येत नाही. आणि मग एकदम असं वाटलं, मी नक्की करतोय काय इथे? लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं. बटण दाबलं, दार उघडलं, पोचलो. शाबास.

आपल्या गाडीचं कसं, ती मागते. तिसऱ्यात कुरकुरायला लागली की समजायचं, बाईसाहेबांना दुसरा हवाय… हो, भांडते पण, मान्य… पण चढावर हाफ क्लचवर धरलीस की तळपायाला कळतं बघ. आधी नुसती थरथर, मग नाक जरा वर, आता सोडलं की पकडणार. ते जे आहे ना… तुला नाही कळणार. तू ऑटोमॅटिकवर गेलीस, विसरलीस सगळं…

सॉरी. म्हटलं ना सॉरी… हो, रोज एवढ्या ट्रॅफिकमधून तू जातेस, मी नाही जात… हो, मान्य, तळपायाला काही कळायची तुला हौस नाही, तुला घरी पोचायचंय… बरोबर आहे. तुझं पण बरोबर आहे. तोच तर त्रास आहे, सगळ्यांचंच बरोबर आहे.

एक मिनिट हं ताई. इथला मेकॅनिक काहीतरी विचारतोय. आपली गाडी एक्सचेंजला घेण्याआधी तपासतायत… हां काका, बोला… ते दोन पेडल ना? ते जादाचेच आहेत. बाबांचा ड्रायव्हिंगचा क्लास होता. शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा क्लच, वेगळा ब्रेक… हो, बंद झाला क्लास, ऑपरेशननंतर… रबर? हो, ते नवीन आहे. पाय घसरत होता म्हणून मीच… म्हणजे… तुम्ही बघा ना काका, बाकीचं बघा.

हां ताई… काही नाही. काही नाही गं… कसलं रबर? असंच… शेजारच्या सीटपुढच्या क्लचचं… हो, नवीन बसवलं… अलीकडेच… क्लास बंद आहे, माहितीये मला. शिकायला कोणी येत नाही, ते पण माहितीये… ताई, तू वकिलीण आहेस का?

बरं, ऐक. आधी कबूल कर, ओरडायचं नाही… नाही, आधी कबूल… ठीक आहे. बाबांनी गाडी चालवणं सोडलेलंच नाही.

ओरडलीस!… अगं ऐक ना… ताई… ताई, ऐक ना माझं! डावा पाय ते वापरतच नाहीत. क्लच मी दाबतो… मी. शेजारी बसून. त्या जादाच्या क्लचवर… हो. स्टिअरिंग त्यांचं, गिअर त्यांचा, उजव्या पायाचं सगळं त्यांचं. फक्त क्लच माझा. ते म्हणतात 'दाब', मी दाबतो. ते गिअर टाकतात, म्हणतात 'सोड', मी सोडतो… सर्कस म्हण. काहीही म्हण.

माझी कल्पना नाही ही! त्यांची पण नाही. अगं, ते घरी नुसते बसायचे ना, तेव्हा… तू फोनवर ऐकलंस, मी बघितलंय. सोफ्यावर बसून डावा पाय दाबायचे. टीव्हीवर बातम्या, आणि यांचा पाय खाली-वर, खाली-वर. एक दिवस मीच म्हटलं, चला, गाडी नुसती चालू करून ठेवू, नाहीतर बॅटरी उतरेल. ते त्यांच्या सीटवर बसले, मी माझ्या. आणि मग… झालं.

मैदानामागच्या रस्त्यावर गं. तिथे कुत्रंसुद्धा नसतं… पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. बाबा म्हणाले, 'गावाला शिकवलं, घरातला धोंडा तसाच राहिला.'… मग जमायला लागलं. मग दुधाला, मग केस कापायला… नाही, हायवेला नाही नेली… एकदाच.

आईला? आईला माहितीये… अगं, आई मागे बसते… डोळे मिटून बसते, पण बसते. ओरड आता तिच्यावर.

…

हॅलो? ताई? आहेस ना?… बोल मग काहीतरी. ओरड हवं तर.

हो… हो, धोक्याचं आहे. कळतं मला… मी कधी म्हटलं हे कायम चालेल? आता 'दाब' म्हणावं पण लागत नाही त्यांना. इंजिनाचा आवाज जरा उतरला की माझा पाय आपोआप खाली. त्यांचा हात गिअरवर पोचायच्या आत… म्हणून काही नाही, तुला सांगतोय फक्त.

तसं नाही गं. बाबा आणि मी कधी बोललोय का धड? तुझ्याशी बोलतात ते. माझ्याशी काय, 'गेट लावलंस का', 'दिवा बंद कर'. तेवढंच. गाडीत पण काही बोलत नाही आम्ही. पण गुडघा जास्त ठणकत असेल ना, त्या दिवशी गिअर हळू पडतो त्यांचा. ते मला कळतं. आईला नाही कळत, मला कळतं… रडत नाहीये. धूळ आहे इथे.

काय?… उद्या मी कामाला दुसऱ्या गावी गेलो तर क्लच कोणी दाबायचा?… हं… हा तू चांगला प्रश्न विचारलास… आई तर दाबणार नाही.

अगं, 'नको घेऊया' असं मी म्हणतच नाहीये. एकटे जातील, एकटे येतील, कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. किती चांगलं आहे. मग मला चांगलं का वाटत नाहीये, एवढंच विचारतोय… तू मोठी आहेस, तू सांग ना.

खरं सांगू? मला वाटलेलं, बाबाच नाही म्हणतील. 'ही गाडी नाही, ही आरामखुर्ची आहे' असं म्हणतील, आणि आम्ही दोघं आपले घरी परत. मी काही वाईट ठरलो नसतो. पण गाडीबद्दल ते सकाळपासून बरं-वाईट काहीच बोलले नाहीत. तुला ते काही बोलले?… नाही ना? मग त्यांच्या मनात काय आहे, हे कळायचं कसं?

थांब. आली. आली गाडी!… फाटकातून आत येतेय… चालवतंय कोण? ऊन येतंय काचेवर… सेल्समन. सेल्समन चालवतोय, ताई. बाबा शेजारी बसलेत…

नाही जमली त्यांना… हो, मान खाली आहे त्यांची… मला? मला काय वाटणार? वाईट वाटलं… आणि थोडं बरं वाटलं… वाटलं तर वाटलं म्हणून सांगितलं, तूच म्हणतेस ना खरं बोलत जा!

थांब, फोन धर, सेल्समन येतोय इकडे… काय झालं हो?… काय?… काय म्हणता!… ताई, हा हसतोय. म्हणतो, काका एक नंबर चालवतात. फक्त पहिल्या सिग्नलला याच्यावर खेकसले, 'दाब!' हा बिचारा विचारतोय, काका, काय दाबू?… मग?… मग म्हणे बाबा तसेच पुढे चालवत राहिले. थोड्या वेळानं गाडी बाजूला घेतली, याला वाटलं आता उतरतात. तर म्हणाले, 'आता तू चालव, मी बघतो.' आणि येताना सगळा रस्ता याची शिकवणी. आरसा बघत नाहीस, ब्रेक उशिरा मारतोस… एवढा वेळ त्यातच गेला… हो, मान खाली कशाला असेल मग? सीटचा पट्टा सोडवत होते.

येतायत. चालत येतायत… बाबा, कशी वाटली?

…

ताई, 'घे' म्हणाले… एवढंच. 'घे.'… हो, हसतायत… अगं खरंच हसतायत, दात दिसतायत… हो. मला पण. मला पण बरं वाटतंय… वाटतंय म्हटलं ना. बाकीचं हळूहळू वाटेल.

थांब, मेकॅनिक आलाय… हां काका?… चावी? आतच आहे, लावलेलीच. न्या तुम्ही… थांबा, मी उतरतो ना आधी. मला घेऊन नका जाऊ एक्सचेंजमध्ये.

ताई, ठेवतो हं, बाबा बोलावतायत. अजून एक चक्कर म्हणतायत, या वेळी मी बरोबर… नाही, मागे नाही, पुढे. त्यांच्या शेजारी… अगं थांब, दार लावतो… हां. बसलो. बाबा स्टिअरिंगवर.

…

ताई… इथे पायापुढे काहीच नाहीये गं… काहीच नाही. नुसती चटई… पाय कुठे ठेवू, तेच कळत नाहीये.

काय हो बाबा?… ताईच आहे फोनवर… काय?

…

ताई, बाबा म्हणतायत, 'तू काही करू नकोस. नुसता बस.'

…

हो… ठेवतो. बसतो.