पाच फुटी पृथ्वी, तीन फुटी दार

वहिनी : पुन्हा एकदा मोजा, भाऊजी.

धाकटा : चारदा मोजलं, वहिनी. पृथ्वी पाच फूट, दार तीन फूट. पाचव्यांदा मोजलं म्हणून दार काही लाजून मागे सरणार नाही.

वहिनी : अहो, पण तीन महिने हिला घडवत होतात, एकदाही दाराकडे नजर गेली नाही?

धाकटा : सवयच नाही ना! वीस वर्षं या कारखान्यात दादाबरोबर कामं केली. नाटकाचा बारा फुटी राक्षस केला, बागेतला जिराफ केला, सगळे मोठ्या फाटकातून टेचात बाहेर पडले. फाटक आहेच, हे डोक्यात पक्कं.

वहिनी : फाटक आहेच की. फक्त तुमच्या अर्ध्यात नाही.

धाकटा : हो. वाटणी होऊन मधे भिंत उभी राहिली तेव्हा फाटक दादाच्या वाट्याला गेलं आणि मला हे दार. तीन वर्षं झाली, पण डोकं अजून जुन्याच कारखान्यात कामाला येतंय.

वहिनी : आणि चार वाजता विज्ञान केंद्राची गाडी येणार.

धाकटा : उद्या उद्घाटन आहे त्यांचं. माझ्या एकट्याच्या नावावरचं पहिलं मोठं काम, वहिनी! आज ही गेली नाही, तर पुन्हा मला साधा उंदीरसुद्धा कुणी करायला देणार नाही.

वहिनी : मग कापा. दोन तुकडे करून न्या.

धाकटा : काय बोलताय! आतलं दिसावं म्हणून एक फाक आधीच काढलीय. बाकीचे थर एकात एक ओतलेत. करवत लावली की भुगा हातात.

वहिनी : हा अगदी मधला पिवळा गोळा कसला?

धाकटा : आतला गाभा. सगळ्यात तापलेला तोच. पण चहूबाजूंनी दाब इतका, की बिचाऱ्याला वितळायचीही सोय नाही. घट्टच राहावं लागतं.

वहिनी : कळलं. थोरली सून.

(भिंतीपलीकडून खोकला. मग आणखी एक, मुद्दाम काढलेला.)

धाकटा : ऐकतोय वाटतं दादा.

वहिनी : सात फुटी प्लायवूडच्या आड दुसरं काय करणार? तीन वर्षं ऐकताहेत. अहो, ऐकताच आहात तर बोला काहीतरी!

थोरला : त्याला सांग, वरचं कवच फार पातळ केलंय.

धाकटा : त्याला सांगा, चार मिलिमीटर आहे, आणि जमिनीचं प्रमाणात तेवढंच येतं. समुद्राखाली तर त्याहून पातळ. आणि हेही विचारा, की त्याला दिसलं कसं?

थोरला : सांग, फट आहे.

वहिनी : मी काय पोस्टमन आहे का? दोघांनाही ऐकू येतंय! भाऊजी, ही भिंत स्क्रूवर उभी आहे. काढा, ह्यांच्या अर्ध्यातून फाटकापर्यंत न्या, विषय मिटला. एकदा तोंड उघडून विचारा तर खरं.

धाकटा : मी का विचारू? सुरुवात त्यानं केली.

वहिनी : आता सुरुवातीचं बघायचं तर तुम्हीच रंगवलेला हा फलक वाचते. विश्व कसं सुरू झालं? एक म्हणतात, एका क्षणी सगळं पसरायला लागलं, महास्फोट. दुसरे म्हणायचे, सुरुवात नाहीच, हे असंच चालत आलंय. तिसरे म्हणतात, फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं. बोला, तुमचं कुठलं?

धाकटा : महास्फोट! घोड्याच्या दिवशी. दोन महिने खपून मी घोडा केला. सकाळी येऊन बघतो, तर दादानं त्याचे डोळे पुसून नवे काढलेले. एका शब्दानं विचारलं नाही.

थोरला : त्याला सांग, घोडा तिरळा होता.

धाकटा : तिरळा नव्हता! बाजूला बघत होता!

थोरला : एकच डोळा बघत होता बाजूला! आणि सांग त्याला, स्फोटबिट काही नाही. तो पाटीवर चित्रं काढायचा तेव्हापासून मी नीट करत आलोय. त्याला सुरुवात नाही.

वहिनी : घ्या. हा दुसरा सिद्धांत.

धाकटा : तेच तर म्हणतोय मी! वीस वर्षांत माझी एक वस्तू त्याच्या ब्रशशिवाय बाहेर पडली नाही. एक नाही! बरी असो, वाईट असो, ही पृथ्वी पूर्ण माझी आहे. म्हणून नको मला ते फाटक. तिकडून नेली की तो हिलाही डोळे काढेल!

थोरला : नाही काढणार.

वहिनी : कुणाला सांगताय? मला की त्यांना?

थोरला : त्याला. ए... ऐकतोयस का? नाही लावणार. खिशात ठेवतो.

धाकटा : ब्रश?

थोरला : हात. दोन्ही. आता तो स्क्रूड्रायव्हर घे आणि तुझ्या बाजूनं सुरुवात कर, तीन वाजून गेलेत.

धाकटा : दादा, किती स्क्रू मारलेस रे हे?

थोरला : एकशे बारा.

वहिनी : भिंत घालत होतात की जहाज बांधत होतात?

थोरला : रागात होतो. मोजले नंतर.

धाकटा : निघाली! वहिनी, फळी धरा. आता हळू... हळू लोटायची.

वहिनी : जरा माझ्याकडे कलवा.

धाकटा : साडेतेवीस अंश कललेलीच आहे, आणखी नको!

वहिनी : अहो, तुम्ही काय खांबासारखे उभे? जरा टेकू द्या!

थोरला : हात खिशात आहेत. शब्द दिलाय.

वहिनी : मग खांदा लावा!

थोरला : लावतो. ...हे थर. एकावर दुसरा ओतताना रंग मिसळला कसा नाही?

धाकटा : प्रत्येक थर आठ दिवस वाळवला.

थोरला : मला धीर नसता निघाला तेवढा.

वहिनी : थांबा, थांबा! फळीचं टोक घासलं. वर बघा, ध्रुवाच्या पांढऱ्यावर, बोटाएवढा पोपडा गेला.

धाकटा : अरे देवा. गाडीचा हॉर्न येतोय.

थोरला : पांढरा आहे माझ्याकडे. ब्रशही ओलाच आहे.

धाकटा : ...लाव मग, दादा. तुझा हात भरभर चालतो. मी काही म्हणणार नाही.

थोरला : नको. हा घे ब्रश, चढ वर. मी शिडी धरतो.