म्हस्कूंच्या पालात सापडलेली तेलाची बाटली

पुरवणी जबाब, दि. १३ मार्च २०२५, सकाळी १०.४०

मी गोकुळ चिमाजी दुरगुडे, वय ५१ वर्षे, धंदा नोकरी, खासगी दूध शीतकरण केंद्रात इलेक्ट्रिशियन, रा. पिंपरी पेंढार, ता. जुन्नर, जि. पुणे. आज स्वतः होऊन ठाण्यात आलो आहे, मला कोणी पाठवलेले नाही. समक्ष सांगतो ते असे की,

आमच्या केंद्रात दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. एक बाहेर कुंपणात ओट्यावर, तेलाचा. दुसरा इमारतीत जिन्यामागच्या खोलीत, ड्राय टाइप. ड्रायमध्ये तेल नसते. तारेची वेटोळी रेझिनमध्ये बंद असतात व हवेने गार होतात. आगीचा धोका कमी, म्हणून तो आत बसवता येतो, मात्र धूळ सारखी झाडावी लागते. तेलाचा उन्हापावसात उभा राहतो, जादा लोडही सोसतो, पण तेलाची पातळी राखावी लागते. तेल उतरले की वेटोळी तापून जळतात. हे मला सव्वीस वर्षांपासून ठाऊक आहे.

मंगळवारी दि. ११ रोजी दुपारी २.१० वाजता बाहेरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मी त्याच दिवशी येथे जबाब दिला की, तेल चोरीस गेले असून चोर माहितगार असावा, कारण त्याने ड्रायला हात लावला नाही. शेजारच्या रानात म्हस्कू केसकर यांच्या मेंढ्या खतासाठी बसायला होत्या. त्यांच्या पालात त्याच तेलाची बाटली मिळाली व त्यांना येथे आणले.

ती बाटली मी दिलेली आहे.

आमच्याकडे गुडघे दुखले की ट्रान्सफॉर्मरचे तेल चोळतात. ते औषध नाही हे मला कळते. तरी दिवाळीपासून खालच्या व्हॉल्व्हमधून बाटल्या भरून मागेल त्याला देत आलो. लोक चेष्टेने ‘डॉक्टर’ म्हणायचे, मला ते गोड वाटायचे. पातळीची काच रिकामी दिसू लागली तरी नोंदवहीत रोज ‘ठीक’ लिहिले.

म्हस्कूंच्या आई साळुबाई यांना बसले की उठवत नाही. फेब्रुवारीत म्हस्कू कुंपणापाशी येऊन म्हणाले, “राव, आईसाठी वाईच तेल मिळंल का? तुमाला अडचण नसंल तरच.” मी म्हणालो, “न्या की. फकस्त माझं नाव कुठं काढू नका.”

काल बुधवारी मला बाटली ओळखायला बोलावले. साहेबांनी म्हस्कूंना माझ्यासमोर विचारले, कोणी दिली? ते म्हणाले, “घावली.” मी म्हणालो, तेल आमचेच आहे. एवढेच सांगून निघालो. बाहेर फाटकाशी त्यांची पत्नी हिरा उभी होती. ती म्हणाली, “भाऊ, सायब तुमचं ऐकतील. आमच्या ह्यांनी कधी कुणाच्या काडीला हात लावला न्हाई, एवढं सांगा ना.” मी ‘सांगतो’ म्हणालो आणि मोटरसायकल सुरू करून घरी गेलो. जेवलोसुद्धा. याची मला फार लाज वाटते.

म्हस्कूंनी चोरी केलेली नाही, त्यांना सोडावे. माझ्यावर होईल ती कारवाई मला मान्य आहे.

हा जबाब हवालदार आरती मॅडम यांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. म्हस्कू बाकावर बसले होते. त्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने पुन्हा वाचावा, अशी मी विनंती केली. त्यावर म्हस्कू म्हणाले, “नगा, मॅडम. समद्या ठाण्यात त्यांची शोभा कशाला?”

म्हणून पुन्हा वाचला नाही. सही केली आहे.