दारातला पांढरा तेरडा

तेरडा शेळीने खाल्लेला नाही, हे मी घसा फोडून सांगत होते, पण कुणाला पटेल तर ना! पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. कामतघरच्या चाळीत दारापुढे मी अकलोलीच्या, माझ्या माहेरच्या रानातला तेरडा लावला होता. आमच्याकडे गौर तेरड्याचीच, तीही मुळांसकट. आणि नेमका गौर आणायच्या दिवशी सगळा तेरडा गायब!

"शेळीच असणार," हे म्हणाले.

"शेळी शेंडे खाते, मुळं उपटत नाही!"

"तुला सगळ्यांचाच संशय."

मग बाजारातला सुकलेला तेरडा आणून गौर बसवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शांतावहिनींकडे हळदीकुंकवाला गेले, तर त्यांच्या गौरीत पांढरा तेरडा! अख्ख्या चाळीत पांढरा फक्त माझ्याकडे होता.

"वहिनी, हा कुठला हो?"

"अगं, तुमचाच! शिफ्टवरून येताना दारातल्या ओल्या पानांनी पाय भिजतात म्हणून भाऊजींनी उपटला आणि मला आणून दिला. मला वाटलं, तूच पाठवलास."

गौरीसमोर भांडायचं तरी कसं? तेवढ्यात बायका नेहमीसारख्या मागे लागल्या, "नाव घे गं, नाव घे!"

लग्नाला वीस वर्षं झाली होती, उखाण्याशिवाय ह्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी गौरीला हात जोडले आणि म्हटलं, "आई, तुझा तेरडा उपटणारा चोर, दामोदर!"