कंसातलं मंडळ

नाही, तुम्हीच सांगा, मेलच्या विषयाआधी कंसात 'मंडळ' लिहायचं की विषयानंतर, यावर साठी उलटलेली बावीस माणसं किती दिवस भांडतील? एकोणीस! तुम्हाला सांगतो, आमचं छापखान्यातल्या निवृत्तांचं मंडळ. एकानं यादीवर मेल टाकली की सगळ्यांना जाते, आणि यादी चालवणारं ते सॉफ्टवेअर विषयाला आपोआप खूण डकवतं. खजिनदार म्हणतात, "पुढेच हवी, शिस्त दिसते!" बाइंडर म्हणतो, "अहो, पुढे लावली तर फोनवर नुसतं मंडळ-मंडळ दिसतं, विषय जातो बाहेर!" आणि मी? मी म्हणालो, खूण पाहिजे, पुढेच पाहिजे! जन्मभर प्रुफं तपासली, खोड जाते कुठे!

बरं, रोज चाळीस मेल, वाचणार कोण? मी फोनला हुकूमच देऊन ठेवला: विषयात 'मंडळ' दिसलं की थेट कोपऱ्यातल्या फोल्डरात, मला दाखवायचंसुद्धा नाही. काय शांतता हो! खूण पाहिजे म्हणालो ते उगाच?

आता आमचा दादा. थोरला भाऊ, त्याच छापखान्यात मशीनवर होता, दूर एकटाच राहायचा. घशाच्या दुखण्यानं आवाज गेलेला, म्हणजे फोन नाही, लिहिणंच. आणि नवी मेल लिहायला त्याला कधी जमलंच नाही! जुनी कुठलीतरी उघडायची आणि तिलाच उत्तर द्यायचं. "अरे दादा, विषय तरी बदल!" तर लिहायचा, "पत्र पोचलं ना? मग झालं."

पोचलं हो! सोमवारीच पोचलं... त्या कोपऱ्यातल्या फोल्डरात! खुणेबद्दलच्या माझ्याच मेलला उत्तर, फक्त मला एकट्याला. वर कंसात मंडळ, पुढे 'खूण पाहिजेच'. आणि खाली, "गुरुवारी ऑपरेशन. भीती वाटते रे. त्याआधी एकदा येऊन जा."

शुक्रवारी दवाखान्यातून फोन. "तुम्ही भाऊ ना? काल गेले ते. चार दिवस दाराकडे बघत होते." मी उलट त्या नर्सलाच ओरडलो, "मला कोणी कळवलं का?"

मग यादीवर मेल आली. कंसात मंडळ, मग कंसात दुःखद, मग दादाचं नाव... ते फोनवर मावलंच नाही. खाली खजिनदारांचं उत्तर, "दुःखद आधी हवं होतं का?"

मीच म्हणालो होतो ना, खूण पाहिजे! तो हुकूम काढून टाकला. आता रोज चाळीसच्या चाळीस उघडून वाचतो हो, अगदी खालपर्यंत... एकही माझ्यासाठी नसते.