यंत्रं वॉर्डातच राहतील

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या हाताखालून मी निवृत्त झाले ते आमच्या संस्थेचे संचालक डॉ. राघव सर, व्यासपीठावरच्या शल्यचिकित्सक डॉ. मीनाक्षी मॅडम, दिल्लीतल्या या द्वारका भागातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यवाह सुखदाताई, कॅन्टोन्मेंटमधून आवर्जून आलेले सुभेदार उदयसिंह आणि सुकन्याताई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सुखदाताईंनी या अलकनंदेची ओळख फारच मोठी करून दिली. ऑफिसातला निरोप शुक्रवारी झाला. तो इंग्रजीत होता, त्यामुळे सगळेच गोड बोललो. आज मराठीत बोलायची मुभा आहे, तेव्हा थोडं खरं बोलते. सर, आपण अध्यक्ष आहात. मला मध्येच थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. यापूर्वीही आपण तो वापरलेला आहे.

इथल्या मुलांसाठी आधी एक सांगते. मराठीत 'दातखीळ बसणं' म्हणतात. दिल्लीत वाढलेल्या माझ्या लेकीला, इशितालाही तो शब्द मला समजावून सांगावा लागला. तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतल्यावर, किंवा वर्षानुवर्षं गुटखा खाऊन, माणसाचा जबडा आखडतो. तोंडात जेमतेम एक बोट जातं. धड जेवण नाही, धड बोलणं नाही, जांभईसुद्धा नाही.

असा जबडा रोज थोडा थोडा उघडणारं यंत्र आम्ही बनवलं. त्याला मोटर होती, सेन्सर होते, स्क्रीनवर सुंदर आलेख यायचा. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक चाचणीत ते पास झालं. का होणार नाही? आमच्याकडचा जबडा प्लॅस्टिकचा होता. त्यानं कधी 'आई गं' म्हटलं नाही. पेटंट मिळालं, शोधनिबंध छापून आला, चहाबरोबर काजू कतली आली.

मग रीतसर परवानगी घेऊन आम्ही मीनाक्षी मॅडमच्या वॉर्डात गेलो. पहिले पेशंट सुभेदार उदयसिंह. त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे. गाव साताऱ्याकडचं, उमर सगळी फौजेत गेली. कॅन्सर बरा झाला, पण जबडा मिटला तो मिटलाच. सुकन्याताई भाकरी दुधात भिजवून मिक्सरमधून काढायच्या आणि हे ती स्ट्रॉनं प्यायचे.

यंत्र लावलं. फौजी माणूस, हूं की चूं नाही. आलेख छान वर चढत होता आणि आम्ही सगळे आलेखाकडे बघत होतो. सुकन्याताई नवऱ्याच्या पायांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, बंद करा. ह्यांची बोटं चपलेत वळलीत."

यंत्र काढलं तर हिरडीतून रक्त येत होतं. उदयसिंहांनी तोंड पुसलं आणि दातांतूनच म्हणाले, "दुखणं सोसतो मी, मॅडम. पण कुठं थांबायचं ते मला ठरवू द्या. मशीन माझं ऐकत नाही."

मी चाचणी तिथेच थांबवली. त्यानंतर सरांच्या केबिनमध्ये जे बोलणं झालं ते, सर, आपली हरकत नसेल तर सांगते. हरकत असली तरी सांगते.

सर म्हणाले, "अलकनंदा, एका पेशंटला थोडं रक्त आलं. डेटा तो बढिया है यार. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, मंत्रालयातून माणसं येणार आहेत."

"प्रदर्शनात यंत्र कोणाच्या तोंडात घालणार, सर?"

"मॉडेलच्या."

"मग ते तिथेच शोभेल. वॉर्डात मी ते पुन्हा नेणार नाही."

मी मोटर काढून टाकली. तिच्या जागी रबरी फुगा बसवला, रक्तदाब मोजताना डॉक्टर दाबतात तसा. पेशंटनं तो आपल्याच मुठीत धरायचा, सोसेल तेवढा दाबायचा, आणि नको झालं की कळ दाबून हवा सोडून द्यायची. सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "यात संशोधन काय उरलं? ये तो रिक्शा का भोंपू है." त्यावर निबंध छापून येणार नव्हता, हे मला मान्य आहे. माझी खोली गेली, सहकारी दुसऱ्या कामाला लागले आणि प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. कोणासाठी पूर्ण झाला होता? सुकन्याताईंचा मिक्सर तर चालूच होता.

मी नैतिकता समितीपुढे पुन्हा उभी राहिले. त्यांनी मला परत पाठवलं, आणि ते योग्यच केलं. त्यांचे प्रश्न पेशंटच्या बाजूचे होते. मी उत्तरं घेऊन पुन्हा गेले. मीनाक्षी मॅडम एवढंच म्हणाल्या, "वॉर्ड माझा आहे. बसायला जागा मी देते."

उदयसिंह परत येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. फुगा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आता बघू कोण थकतं." सकाळ-संध्याकाळ ते दाबत राहिले. एक दिवस सुकन्याताईंचा अवेळी फोन आला. मी घाबरून विचारलं, "रक्त आलं का?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "आज ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. कितीतरी वेळ चावत बसले होते. मला जवळून उठू देईनात."

सगळ्यांना एवढा गुण आला नाही. काहींचा जबडा थोडाच उघडला, एक बाई मध्येच सोडून गेल्या. तेही आम्ही लपवलेलं नाही.

मघाशी अध्यक्षांनी मोठ्या मनानं जाहीर केलं की, माझ्या सन्मानार्थ ही यंत्रं संस्थेच्या दारात काचेच्या कपाटात ठेवली जातील आणि चाचणीची सांगता होईल. सर, मनापासून आभार. पण तसं होणार नाही. चाचणी चालू असेपर्यंत यंत्रं पेशंटजवळ राहतात, हा नियम मला आपणच शिकवलात. चाचणी चालू आहे. तिच्या प्रमुख आता मीनाक्षी मॅडम आहेत, आणि समितीनं ते मान्यही केलं आहे. मुनिरकाहून, गुडगावहून नवे पेशंट यायला लागले आहेत. राहिली मी. निवृत्त बाईची खोली काढून घेता येत नाही. सोमवारी सकाळी मी वॉर्डात असेन.

मंडळानं दिलेली शाल आणि आपण सगळ्यांनी दिलेला वेळ, दोन्हींसाठी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. जे केलं, त्याची मात्र मी माफी मागत नाही.